हयातीचा दाखला

मंगळ हा ग्रह आपल्या घरांत शिरतो तो बहुधा पत्रिकेतून. मुलीला मंगळ आहे का, असल्यास कडक की सौम्य, याची चौकशी झाल्याखेरीज आजही कित्येक घरांत पोह्यांची बशी पुढे येत नाही. माझ्या पिढीतल्या अनेक मुलींची उमेदीची वर्षे या ग्रहाने विनाकारण खाल्ली. मंगळाला मात्र याचा पत्ताही नाही. तो आपला कोट्यवधी किलोमीटर दूर, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, थंडगार आणि कोरडा, सूर्याभोवती फिरतो आहे. त्याच्याविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न एकच, आणि तो आपण कुठल्याही स्थळाविषयी विचारतो तोच: घरात कोण कोण असते?

अलीकडच्या काळात या प्रश्नाला कान देऊन ऐकावे असे उत्तर मिळाले ते एका दगडाकडून. 'पर्सिव्हरन्स' ही 'नासा'ची सहा चाकांची गाडी फेब्रुवारी २०२१ पासून मंगळावर आहे. ती जिथे उतरली ते जेझेरो विवर सुमारे ४५ किलोमीटर व्यासाचे. साडेतीन अब्ज वर्षांहून आधी तिथे तळे होते आणि एक नदी त्यात येऊन मिळत होती, हे तिथल्या गाळाच्या थरांवरून दिसते. जुलै २०२४ मध्ये एका कोरड्या नदीपात्रात गाडीला बाणाच्या टोकासारखा तांबूस दगड दिसला, लांबीला मीटरभर. त्यावर दोन प्रकारच्या खुणा होत्या. काही बारीक काळसर कण; संशोधकांनी त्यांना नाव दिले खसखस. आणि काही मिलिमीटरभर रुंदीचे फिकट ठिपके, प्रत्येकाला गडद कड. त्यांना नाव पडले बिबट्याचे ठिपके. या खुणांमध्ये व्हिव्हिअनाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची दोन खनिजे असावीत, असे गाडीवरच्या उपकरणांनी सांगितले. आपल्या पृथ्वीवर चिखलात, दलदलीत, जिथे काही कुजत असते आणि सूक्ष्मजीव आपले पोट भरत असतात, तिथे ही खनिजे तयार होताना आढळतात. शिवाय त्या दगडात सेंद्रिय कार्बनही होता.

वर्षभर छाननी होऊन सप्टेंबर २०२५ मध्ये यावरचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात आला. मंगळावर जीव होते असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. 'संभाव्य जैविक खूण' एवढेच म्हटले आहे. हीच खनिजे जीवाशिवायही तयार होऊ शकतात. मात्र त्यासाठी बहुधा बरीच उष्णता लागते, आणि हा दगड तसा तापल्याची चिन्हे दिसत नाहीत. तरीही शब्द 'संभाव्य' हाच.

हा शब्द माझ्या फार ओळखीचा आहे. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे घरात कोणी निवृत्त असेल त्यांना सांगायला नको. 'मी जिवंत आहे' असे लेखी देणारा माणूस काउंटरपलीकडे उभा, आणि आपण चष्मा सावरून त्याची सही जुन्या सहीशी ताडून पाहणार! नव्याने लागलेल्या मुलांना याचे हसू येई. पण या कामात दोन्ही बाजूंनी फसायला होते. एका गावी नवऱ्याचे पेन्शन घेणारी आजी यायची. जन्मभर राबून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या, आणि अंगठ्याचे यंत्र तिचा ठसा काही केल्या घेईना. बाई साक्षात समोर बसून पदराने वारा घेते आहे, आणि यंत्र सांगते आहे की ओळख पटली नाही. उलट दुसऱ्या एका शाखेत चौऱ्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांचा दाखला त्यांचा मुलगा घेऊन आला. सही मागच्या वर्षीपेक्षा सुबक होती. आमच्या जुन्या हेडक्लार्कने तेवढ्यावरूनच ओळखले. म्हातारबुवांना जाऊन तीन महिने झाले होते.

जिवंत असून दाखला नाही, आणि दाखला असून जिवंत नाही, असे हे दोन घोटाळे. परग्रहावरच्या जीवांचा गेल्या दीडशे वर्षांतला शोध वाचत गेले, तेव्हा हे दोन्ही मला पुन:पुन्हा भेटले.

पहिला घोटाळा तर निव्वळ भाषांतराचा. १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून मंगळावर काही रेषा दिसल्या. त्याने त्यांना 'कनाली' म्हटले. त्या शब्दाचा अर्थ चर किंवा ओघळ असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे कालवे झाले. ओघळ पावसानेही पडतो, कालवा मात्र कोणीतरी खणावा लागतो. पर्सिव्हल लोवेल नावाच्या धनवान अमेरिकनाने १८९४ मध्ये ॲरिझोनात वेधशाळा उभारली आणि त्या कालव्यांचे नकाशेच्या नकाशे काढले. मंगळ सुकत चालला आहे, आणि तिथले शहाणे लोक ध्रुवांवरचे बर्फ वितळवून पाणी शेतीला आणताहेत, असा त्याचा सिद्धान्त. पाटबंधारे खात्याला हेवा वाटावा अशी ती योजना! जगाने ती आवडीने वाचली. जुलै १९६५ मध्ये 'मरिनर ४' या यानाने मंगळाजवळून जाताना वीसेक छायाचित्रे पाठवली. त्यांत विवरे होती, उजाड जमीन होती. कालवा एकही नव्हता.

मग प्रत्यक्ष जाऊन मातीच तपासायचे ठरले. २० जुलै १९७६ रोजी 'व्हायकिंग १' मंगळावर उतरले आणि ३ सप्टेंबरला 'व्हायकिंग २', पहिल्यापासून हजारो किलोमीटर दूर. दोघांवरही जीव शोधण्याची छोटी प्रयोगशाळा होती. त्यातला एक प्रयोग गिल्बर्ट लेव्हिन यांचा. लेव्हिन मूळचे सार्वजनिक आरोग्याचे अभियंते. पिण्याच्या पाण्यातले जंतू झटपट ओळखण्याची त्यांची युक्ती होती, तीच त्यांनी मंगळाला लावली. साध्या भाषेत सांगायचे तर त्यांनी मंगळाच्या मातीला नैवेद्य दाखवला. चिमूटभर मातीवर पोषक द्रवाचे थेंब टाकायचे. द्रवातला कार्बन किरणोत्सर्गी, म्हणजे माग काढता येईल असा. मातीत कोणी खाणारे असेल तर ते खाईल, श्वास सोडील, आणि तो कार्बन वायू होऊन वर येईल.

तो वर आला! दोन्ही यानांत आला. मग ठरल्याप्रमाणे दुसरी चिमूट तीन तास १६० अंशांवर तापवली, म्हणजे कोणी असेल तर मरून जाईल, आणि तिला तोच नैवेद्य दाखवला. या वेळी वायू जवळपास आलाच नाही. प्रयोगापूर्वी जी कसोटी ठरली होती तिच्यानुसार हे उत्तर 'आहे' असेच होते.

पण त्याच यानावर दुसरे उपकरण होते, मातीतले सेंद्रिय पदार्थ शोधणारे. त्याला क्लोरीनची एकदोन संयुगे सोडता काहीच मिळाले नाही, आणि ती संयुगे पृथ्वीवर यान धुताना राहिलेली असावीत असे ठरले. सेंद्रिय पदार्थच नाहीत तर जीव कशाचे बनलेले? शिवाय पहिल्या मातीला पुन्हा द्रव दिला तेव्हा वायू वाढला नाही. पोटात भूक असलेला दुसऱ्यांदा वाढल्यावर हात आखडत नाही. ही मातीतल्या तिखट रसायनांची करामत असावी, असा बहुतेकांचा निर्णय झाला आणि प्रकरण मिटले.

मिटले असे वाटले. २००८ मध्ये 'फिनिक्स' यान मंगळाच्या उत्तर भागात उतरले आणि त्याला मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार सापडले. थंड असताना हे क्षार निरुपद्रवी. तापवले की त्यांतून ऑक्सिजन सुटतो आणि शेजारचे सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतो. व्हायकिंगचे ते दुसरे उपकरण माती तापवूनच तपासत होते. पुढे चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या मातीत पर्क्लोरेट मिसळून ती तापवून पाहिली, तर व्हायकिंगला मिळाली होती तीच क्लोरीनची संयुगे मिळाली. म्हणजे जे शोधायचे तेच भट्टीत जळत असण्याचा संभव होता. आजींचा अंगठा घासून गेलेला, आणि दोष यंत्राच्या काचेचा की बोटाचा हे कोणी पाहिलेले नाही, तसलाच प्रकार.

यावरून व्हायकिंगला जीव सापडले होते असे सिद्ध होत नाही. लेव्हिन मात्र २०२१ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले तोवर आपल्या प्रयोगाला जीवच सापडल्याचे सांगत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो, आणि बहुसंख्यांचे बरोबर होते असेही वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटू शकते.

सुबक सहीचा प्रकार घडला तो ऑगस्ट १९९६ मध्ये. अंटार्क्टिकाच्या बर्फावर १९८४ मध्ये एक दगड सापडला होता, वजन दोन किलोंना थोडे कमी. मंगळावर एखादी मोठी उल्का आदळली की तिथले दगड अवकाशात उडतात, आणि त्यांतले काही लाखो वर्षे भटकून पृथ्वीवर पडतात. आपल्याकडे बिहारमधल्या शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी असाच एक पाषाण पडला होता. तो मंगळाचा आहे हे समजायला शंभरावर वर्षे जावी लागली, आणि मंगळाच्या दगडांच्या एका आख्ख्या जातीला जगभर शेरघाटीचेच नाव आहे. पत्रिकेत शिरण्यापलीकडे मंगळ आपल्या घरी असा खरोखरही येऊन गेलेला आहे. असो. तर अंटार्क्टिकातल्या त्या दगडात सूक्ष्मदर्शकाखाली अळीसारखे चिमुकले आकार दिसले. ते मंगळावरच्या जीवाणूंचे अवशेष असावेत, असे नासाच्या संशोधकांनी जाहीर केले. अध्यक्ष क्लिंटन स्वतः त्यावर बोलले. आमच्या शाखेत त्या दिवशी चहाच्या वेळी ठेवींच्या उद्दिष्टाऐवजी मंगळाची चर्चा झाली, हे मला स्पष्ट आठवते. पुढच्या काही वर्षांत एकेक पुरावा ढासळत गेला. ते आकार फारच लहान होते, आणि दगडातल्या बाकीच्या खुणांनाही निर्जीव कारणे सापडली. नुसत्या आकारावर जाऊ नये, हा धडा मात्र त्या दगडाने कायमचा घालून दिला.

मग जावे कशावर? याची फार सुंदर परीक्षा १९९० मध्ये झाली. गुरूकडे निघालेले 'गॅलिलिओ' यान वेग मिळवण्यासाठी त्या डिसेंबरात पृथ्वीजवळून गेले. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की पृथ्वीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही असे धरायचे आणि यानाच्या नोंदींवरून इथे जीव आहेत का ते काढायचे. म्हणजे पृथ्वीनेच हयातीचा दाखला द्यायचा. नुसत्या छायाचित्रांवरून इथे शहाणी माणसे राहतात असे काही ठरवता येईना! दाखला मिळाला तो हवेतून. ऑक्सिजन भरपूर, आणि त्याच्याच जोडीला मिथेन. हे दोन वायू एकत्र फार काळ नांदत नाहीत. दोन्ही टिकून आहेत याचा अर्थ कोणीतरी ते सतत पुरवते आहे. त्यात वनस्पतींच्या हिरव्या द्रव्याची खूण आणि रेडिओलहरींची भर पडली. एकेक खूण खोडून काढता आली असती. सगळ्या मिळून आल्या तेव्हा खोडता येईनात.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझी बदली मेहकरला झाली होती. तिथून लोणार जवळ, त्यामुळे पाहुणा आला की त्याला सरोवर दाखवायला नेणे ओघाने आलेच. उल्का आदळून बेसाल्टच्या काळ्या खडकात पडलेले ते जवळजवळ दोन किलोमीटरचे विवर. मंगळावरची जमीनही बेसाल्टचीच, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारकडे मुद्दाम लक्ष देतात. काठावरची हेमाडपंती देवळे बघून पाहुणा खूश होई, आणि खाली पाण्याशी आला की नाकाला रुमाल लावून विचारी, "यात मासे वगैरे आहेत का हो?" मासे नाहीत. पाणी खारट आणि साबणासारखे अल्कधर्मी. पण जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाल्यावर कळले की ही मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची करणी. कोयनेच्या परिसरात तर भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटरपर्यंत छिद्र पाडले, तेव्हा बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटमध्येही सूक्ष्मजीवांचे अंश मिळाले. ऊन नाही, वारा नाही, तरी बिऱ्हाड आहे.

अशी उदाहरणे दिली की लोक लगेच म्हणतात, मग मंगळावर का नसतील? इथे जरा थांबायला हवे. लोणारच्या पाण्यातले जीव लोणारला जन्मले नाहीत. त्यांचे पूर्वज आधीच जिवंत होते, ते इथे रुळले. पडक्या घरात संसार टिकवणे वेगळे, आणि मुळात संसार मांडणे वेगळे. जीव एकदा सुरू झाला की तो किती चिवट असतो हे आपल्याला ठाऊक आहे. तो सुरू किती सहज होतो याचे उदाहरण आपल्यापाशी एकच आहे, आणि ते आपण स्वतः. म्हणून तर मंगळाच्या खसखशीएवढ्या कणाला इतकी किंमत. एकाच सूर्याच्या अंगणात, शेजारच्या ग्रहावर, जीव स्वतंत्रपणे दुसऱ्यांदा सुरू झाला असेल तर आकाशातल्या असंख्य ग्रहांवर तो झाला असणार, असे मानायला जागा आहे. आणि तो तिथे कधीच सुरू झाला नसेल, तर पाणी, ऊब आणि वेळ हाताशी असूनही काही घडले नाही, असे म्हणावे लागेल. तिसरीही शक्यता आहे: शेरघाटीसारख्या एखाद्या दगडावर बसून तो तिकडून इकडे आला, किंवा इकडून तिकडे गेला. मग ते आपलेच भाऊबंद!

भाऊबंदांच्या या शक्यतेचा माग एका मराठी माणसानेही घेतला. धूमकेतूंबरोबर सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असावेत, असे फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत होते. ते तपासण्यासाठी जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून एक मोठा फुगा सोडण्यात आला. इस्रोच्या त्या प्रयोगामागे जयंत नारळीकर होते. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली, आणि तिच्यात जिवंत पेशी सापडल्या. २००५ मध्ये पुन्हा फुगा गेला. त्या वेळच्या हवेतून जीवाणूंच्या तीन नव्या जाती वेगळ्या केल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. एकीला हॉइल यांचे नाव दिले, एकीला आर्यभटाचे, एकीला इस्रोचे. त्यांना अतिनील किरण त्यांच्या जवळच्या जातींपेक्षा जास्त सोसत होते. एवढे हाती असताना मोठा मथळा करणे किती सोपे होते! पण हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून निर्णायकपणे ठरत नाही, असे इस्रोच्या निवेदनातच म्हटले होते. वादळाने किंवा ज्वालामुखीने खालचेच जंतू वर नेले नसतील कशावरून? 'यक्षांची देणगी'च्या कथा वाचत माझी पिढी वाढली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा त्या कथांबद्दल पुष्कळ लिहून आले. मला त्या फुग्याची आणि त्या एका वाक्याची आठवण झाली.

सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे अजून दाखल्याचा अर्जच नीट भरला गेलेला नाही. २०२५ पर्यंत असे सहा हजारांहून अधिक ग्रह नोंदले गेले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन (हे वाराणसीच्या आयआयटीचे विद्यार्थी) यांच्या गटाने सिंह राशीतल्या, १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के-२-१८ बी या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची चाहूल लागल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू सागरातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. समुद्राच्या वासात त्याचा वाटा असतो. मालवणचा वास सिंह राशीत! पण दुसऱ्या गटांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा त्यांना ती चाहूल पुरेशी ठाम वाटली नाही, आणि हाच वायू एका निर्जीव धूमकेतूवरही आढळलेला आहे. किती ग्रहांवर प्रगत जीव असतील याचे फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये मांडलेले सूत्रही प्रसिद्ध आहे. ते त्यांनी ग्रीन बँक येथे मांडले, पण ती बँक नव्हे, अमेरिकेतली वेधशाळा. खऱ्या बँकेत ते चालले नसते. मुद्दल ठाऊक नाही, दर ठाऊक नाही, मुदत ठाऊक नाही, आणि व्याज किती ते सांगा!

तेव्हा सगळ्यात जवळचा आणि हाताशी येण्याजोगा पुरावा मंगळावरचाच. बिबट्याच्या ठिपक्यांच्या त्या दगडाचा नमुना गाडीने २१ जुलै २०२४ रोजी छिद्र पाडून काढून घेतला आणि नळीत बंद केला. तो खडूच्या कांडीएवढा आहे. जीव की रसायन, हे ठरवायला लागणारी यंत्रे खोलीएवढी, काही तर इमारतीएवढी असतात. ती मंगळावर नेता येत नाहीत. कांडीच इकडे आणायला हवी. ती आणण्याचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि २०४० पर्यंत ती येणार नाही, असा हिशेब एप्रिल २०२४ मध्ये पुढे आला. रुपयांत हे नव्वद हजार कोटींच्या पुढे जाते. आपले मंगळयान साडेचारशे कोटींत गेले. अर्थात ते नुसते प्रदक्षिणा घालायला गेले होते, काही उचलून आणायला नव्हे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. नासाने मग स्वस्तातले मार्ग शोधायला घेतले. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ही योजना गुंडाळण्याचीच सूचना आली.

हातात कागद आहे, अर्ज आहे, अर्जदारही कदाचित आहे, आणि पडताळणीला पैसे नाहीत म्हणून फाइल पडून आहे. अशा फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत; त्यांची इतकी हळहळ कधी वाटली नव्हती. चीनची 'तियानवेन ३' मोहीम २०२८ च्या सुमारास निघून २०३१ च्या आसपास मंगळाची माती आणणार, अशी योजना आहे. ती यशस्वी झाली तर आनंदच आहे, मात्र ती माती दुसऱ्या जागेची असेल. मला आता सदुसष्टावे लागले आहे. २०४० साली मी त्या सुबक सहीवाल्या गृहस्थांच्या वयाच्या आसपास पोचलेली असेन. आणि ती कांडी आजही पर्सिव्हरन्सच्या पोटात आहे. गाडी तिला घेऊन केव्हाच विवराचा काठ चढून पलीकडे गेली, आणि वाटेत नवे दगड दिसतील तिथे आणखी नळ्या भरते आहे.